उघडलंच आहे तर...

फोरमनकाकांच्या घरात एखादी वस्तू बंद दिसली तर तिची पाळी अजून आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, बाथरूमचा नळ, काकूंच्या आईच्या वेळचं शिलाई मशीन, हे सगळे कधी ना कधी जुन्या वर्तमानपत्रावर सुटे होऊन पडलेले आहेत. यांतले बरेचसे आज चालू आहेत. इस्त्रीही चालू आहे, फक्त तिचा लाल दिवा आता ती तापल्यावर लागतो, तापत असताना लागत नाही. काकांच्या मते हेच जास्त बरोबर आहे, मूळ कंपनीला ते सुचलं नव्हतं.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. कारखाना त्यांच्या आधी निवृत्त झाला की नंतर, यावर त्यांचं आणि काकूंचं एकमत नाही. कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत आहे, तीही रोड नंबर सोळा-झेडवर. सोळाला झेड कुठून चिकटला हे वागळे इस्टेटमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. संध्याकाळी फिरायला निघाले की काका त्या इमारतीच्या फाटकाशी थांबतात आणि तिथल्या सिक्युरिटीच्या पोराला सांगतात, "ते कॉफीचं मशीन ठेवलंय ना, तिथं आमचा सरफेस ग्राइंडर होता. खाली फाउंडेशन अजून असणार." पोरगा 'हो' म्हणतो. त्याला दर आठवड्याला 'हो' म्हणावं लागतं.

टूलरूममध्ये हयात घालवलेल्या माणसाची जात वेगळीच असते. बाकीची दुनिया वस्तू बिघडली की उघडते. हा माणूस ती नीट चालत असली तरी उघडतो, कारण ती नीट का चालते आहे याची खात्री व्हायला नको? त्याला दुरुस्ती करायची नसतेच. त्याला आधी काम करून गेलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची असते. आमच्या श्रीनगरच्या सोसायटीत काकांनी परीक्षा घेतली नाही अशी एक भिंत नाही. जिन्याची तिसरी पायरी दुसरीपेक्षा दोन सूत उंच आहे, हे त्यांनी राहायला आल्या दिवशीच सांगितलं होतं. बिल्डरनं मनावर घेतलं नाही. आजही येणारा प्रत्येक पाहुणा त्याच पायरीला ठेचकाळतो आणि काका दारातून म्हणतात, "दोन सूत."

या माणसाकडे एक सँट्रो आहे. चंदेरी, एमएच झिरो फोर, पंधरा वर्षं उलटून पुन्हा नोंदणी झालेली, पर्यावरण कर भरलेली. रस्त्यावर ती फारशी दिसत नाही. डोंबिवलीला मुलीकडे जायचं असेल तेव्हा नेमकी ती उघडी असते आणि काका-काकू लोकलनं जातात. पण त्या गाडीत एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे काकांनी पुढच्या जन्माचीही तीच गाडी ठरवून ठेवली असावी. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या एका अंगाला, झाकणाआड, दातेरी रबरी पट्टा असतो. खाली क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वर कॅमशाफ्टचा एकच व्हायला हवा, हा हिशेब तो पट्टा ठेवतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो, आणि खालून पिस्टन सारखा त्याच्या रोखानं येत असतो. दोघांची गाठ पडत नाही ती या पट्ट्याच्या कृपेनं. पुष्कळ इंजिनं अशी असतात की पट्टा तुटला रे तुटला की पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि गॅरेजवाला बिल सांगायच्या आधी तुम्हाला खुर्ची देतो. पट्टा बऱ्याचदा आधी कुरकुरतही नाही. म्हणून तो धडधाकट दिसत असतानाच, ठरावीक किलोमीटर झाले की बदलून टाकायचा असतो.

म्हणजे बघा. नीट चाललेली वस्तू उघडा, असं या जगात लेखी सांगणारं एकच पुस्तक, ते या गाडीचं. काकांनी ते पान प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवलं आहे.

या पट्ट्याचा इतिहास मीच एकदा त्यांना वाचून दाखवला. तोवर कॅमशाफ्ट फिरवायचं काम साखळीकडे नाहीतर गिअरकडे असायचं. रबरी दातेरी पट्ट्यावर ते सोपवलेली गाडी पहिल्यांदा विकायला काढली ती बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंग गावच्या ग्लास कंपनीनं. गाडीचं नाव ग्लास १००४. मुळात शेतीची अवजारं बनवणारी ही कंपनी. साल १९६२. काका ताठ बसले. आपलं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं तेही १९६२ मध्येच, १ ऑगस्टला, आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. "म्हणजे आपल्याच बरोबरचा," काका म्हणाले. तेव्हापासून त्या पट्ट्याबद्दल ते भाऊबंदाबद्दल बोलावं तसं बोलतात. हल्ली बऱ्याच गाड्यांत पुन्हा साखळी आली आहे आणि ती सहसा बदलावी लागत नाही. त्यामुळे काकांना त्या गाड्यांबद्दल आदर नाही.

"काका, गॅरेजमध्ये द्या ना," असं सोसायटीत नवीन आलेलं कुणीतरी म्हणतं. जुने म्हणत नाहीत. काका कधीकाळी गॅरेजमध्ये गाडी देत असत, पण बरोबर स्वतःलाही देत. मेकॅनिकच्या खांद्यावरून ते वाकून बघत आणि प्रत्येक बोल्टला "किती किलोवर आवळलास?" असं विचारत. मेकॅनिक म्हणे, "अंदाजानं." अंदाज हा शब्द टूलरूममध्ये शिवी समजला जातो. शेवटी शेवटी तर काकांची स्कूटर कोपऱ्यावर दिसली की एका गॅरेजवाल्यानं शटर अर्ध्यावर ओढल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

यात पैसे वाचतात असं काकांचं म्हणणं. काकूंकडे एक वही आहे, तिच्यात मात्र दुसरंच म्हणणं आहे. टॉर्क रेंच, पुली ओढायचा पुलर, गाडीखाली लावायचे स्टँड, मोठा जॅक, डोक्याला बांधायची बॅटरी, सगळं तारीखवार. नुसत्या टॉर्क रेंचच्या किमतीत कुणाकडूनही पट्टा बसवून वर चहापाणी झालं असतं. काका सांगतात, रेंच काही एका कामापुरता नाही. हेही खरंच आहे. काकूंच्या कुकरच्या दांडीचा स्क्रू त्यांनी त्याच रेंचनं आवळला. 'टक्' असा आवाज झाला आणि तेव्हापासून ती दांडी कुणालाही सोडवता आलेली नाही.

पट्टा ठाण्यात मिळत नाही असं नाही. पण काका ऑपेरा हाउसला गेले. ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून पलीकडची गाडी, मग चर्नी रोड. मी बरोबर होतो. पिशवी धरायला माणूस लागतो, असं मला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात साक्षीदार लागतो. दुकानदारानं खोकं पुढे केलं. काकांनी शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढला, पट्ट्याची रुंदी मोजली, मग गल्ल्यावर पट्टा पसरून दात मोजायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकं साचली.

"काका, दात खोक्यावर छापलेत," दुकानदार म्हणाला.

"छापणाऱ्यानं मोजलेत का?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहिलं. मध्येच कुणीतरी भाव विचारला, काकांचा आकडा चुकला, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. दात खोक्यावर छापले होते तेवढेच निघाले. काकांनी पट्टा असा परत गुंडाळला की जणू त्यांनीच दुकानदाराची अब्रू वाचवली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चादर पसरली गेली. बॅटरीची तार सोडली, पुढचं चाक उतरलं, गाडी स्टँडवर बसली. पाने अंगावर येतील त्या क्रमानं मांडले: आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. खंडेनवमीला यांना झेंडूची फुलं वाहिली जातात, त्यामुळे दहा-अकराच्या तोंडात एक वाळकी पाकळी अजून होती. निघालेले बोल्ट ठेवायला काकूंचं जुनं इडलीपात्र. वरच्या ताटलीत वरच्या झाकणाचे, मधल्या ताटलीत माउंटिंगचे, खालच्या ताटलीत खालचे. व्यवस्था इतकी चोख की काकूंनी गॅलरीतून एवढंच विचारलं, "ते जुनंच घेतलंय ना?" काकांनी उत्तर दिलं नाही. यावरून काय ते समजावं.

बॅटरी धरायला वॉचमन होता. मुरबाडकडचा शांत माणूस. त्याला प्रकाश कुठे पाडायचा ते नेमकं कळतं, म्हणून काका त्याला 'असिस्टंट' म्हणतात. याच्याआधीचा वॉचमन प्रकाश काकांच्या डोळ्यांत पाडायचा, त्याची बदली झाली.

पहिला मोठा अडथळा क्रँक पुलीचा बोल्ट. हा बोल्ट सुटायला तयार नसतो, आणि जोर लावावा तर इंजिनच फिरायला लागतं. त्यावर जुना उपाय असा की गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची, एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं टॉमीला लांब पाइप लावून झटका द्यायचा. काका पाइपला लोंबकळलेले, ब्रेकला माणूस नाही, अशा वेळी सोसायटीचे सेक्रेटरी जिना उतरून आले. तिसऱ्या पायरीला अडखळले. त्यांच्या हातात नोटीस होती. पार्किंगच्या जागेत वाहनांची दुरुस्ती करू नये, वगैरे. खाली सही, शिक्का.

"बरं झालं आलात," काका म्हणाले. "आत बसा. ब्रेक दाबा. जोरात."

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले आहेत. खणखणीत आवाजात सांगितलेली गोष्ट आधी करायची आणि मग परिपत्रक वाचायचं, ही त्यांची सवय. ते आत बसले, ब्रेक दाबला.

"काका, मी खरं म्हणजे ही नोटीस..."

"डॅशबोर्डवर ठेवा. पाय हलवू नका."

बोल्ट हलेना. काकांनी बोल्टवर तेल सोडलं आणि ते मुरायला हवं म्हणाले. मुरेपर्यंत काका चहा प्यायले. सेक्रेटरींना पाय काढायला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी काढला नाही. त्यांचा चहा खिडकीतून आत देण्यात आला. मग पुन्हा पाइप, पुन्हा झटका, आणि 'कडाड्' असा आवाज झाला की पहिल्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. सगळ्यांना वाटलं काहीतरी मोडलं. बोल्ट सुटला होता. सेक्रेटरी गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते चाळीस वर्षांच्या नोकरीत एकाही ताळेबंदानं आणलेलं नसावं. ते वर गेले आणि जुनी विजार घालून खाली आले. नोटिशीवर पुढे ऑइल सील ठेवण्यात आलं.

यानंतर खरं काम सुरू झालं, म्हणजे ठरलेलं काम मागे पडलं. झाकण निघालं, पट्टा दिसला. तो काढून नवा घालायचा, एवढंच करायचं होतं. पण काका दोन पावलं मागे झाले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "आता उघडलंच आहे तर टेन्शनर बदलून टाकू." हे रास्तच होतं, टेन्शनर पट्ट्याबरोबर बदलतातच. "उघडलंच आहे तर ऑइल सील." हेही रास्त. "उघडलंच आहे तर माउंटिंगचं रबर." इंजिन ठोकळ्यावर आणि जॅकवर टेकलेलं होतंच. "चाक काढलंच आहे तर ब्रेक पॅड." इथे सेक्रेटरींनी मान डोलावली, ती बहुधा पायाच्या बाजूनं. मंगळवारी मी कामावरून आलो तर बंपर सैल होता आणि काका हॉर्न पुसत होते.

"हॉर्नला काय झालं?"

"काही नाही. बंपर सैल केलाच आहे तर बघावं म्हटलं."

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरवाला मुलगा राहतो. तो त्याच काचेच्या इमारतीत काम करतो, म्हणजे काकांच्या भाषेत सरफेस ग्राइंडरवर बसतो. तो म्हणाला, "काका, इलेक्ट्रिक गाडी घ्या. तिच्यात टायमिंग बेल्टच नसतो." काकांनी पाना खाली ठेवला. त्या मुलाकडे बराच वेळ, वाईट वाटल्यासारखं पाहिलं. "मग बाळ, तुम्ही रविवारी करता काय?"

आणि मग तो क्षण आला जो या जातीच्या माणसाच्या आयुष्यात फार गोड असतो. खालच्या झाकणाच्या एका बोल्टला वॉशर नव्हता.

"कुणी बसवलंय हे?" काका गरजले. चादरीवर उताणे पडून माणूस गरजतो तेव्हा आवाज इंजिनातून फिरून येतो. "तीन बोल्टना वॉशर आहे, चौथ्याला नाही! हात आहेत की पाय? असल्या माणसाला मी टूलरूमच्या दारात उभा केला नसता. आमच्या मास्तरांनी त्याला वॉशर खायला लावला असता." मग देशाच्या औद्योगिक अधोगतीची मीमांसा झाली. आयटीआयमधून हल्ली काय पोरं बाहेर पडतात, गॅरेजवाले कसे अंदाजानं जगतात, वस्तू बनवणारे गेले आणि विकणारे उरले, असं बरंच. सेक्रेटरींना हे सगळं बँकेलाही लागू पडतं असं वाटलं आणि त्यांनीही थोडं जोडलं.

वॉचमन प्रकाश धरून होता. तो हळूच म्हणाला, "काका, हा पिवळा ठिपका तुमचा ना?"

टूलरूममध्ये जो बोल्ट आवळेल त्यानं त्यावर आपली खूण करायची, अशी पद्धत होती. काकांची खूण म्हणजे पिवळ्या रंगाचा ठिपका आणि त्याला छोटी आडवी रेघ. त्यांच्या घरातल्या पंख्यावर, मिक्सरवर, कुकरच्या त्या दांडीवरही ती आहे. बोल्टवर ठिपका होता. रेघ होती. मागचा पट्टा काकांनीच घातला होता.

चादरीवर काही वेळ नुसता पान्याचा आवाज आला.

"त्या वेळी वॉशर मिळत नव्हते," काका म्हणाले.

नवा पट्टा चढवायचा दिवस उजाडला तेव्हा पार्किंगमध्ये गर्दी बरी होती. कॅमच्या पुलीवरची खूण हेडवरच्या खुणेशी, क्रँकची तिच्या खुणेशी, आणि मग पट्टा, ताण असलेली बाजू आधी बसवून, ढिली बाजू टेन्शनरकडे. एक दात इकडे किंवा तिकडे झाला तर इंजिन नीट चालत नाही. जास्त चुकला तर पट्टा तुटल्यावर होतं तेच. म्हणून किल्ली लावायच्या आधी पान्यानं, हातानं, क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून बघायचं असतं, कुठे अडतंय का, आणि खुणा पुन्हा जागेवर येतात का. काकांनी मुलांना क्रिकेट थांबवायला लावलं. दोन फेरे झाले. सगळे वाकले.

"जमलं," सेक्रेटरी म्हणाले.

"अर्धा दात बाहेर आहे," सॉफ्टवेअरवाला म्हणाला. तो तिरका उभा होता. काकांनी त्याला सरळ उभं केलं. मग त्यालाही जमलेलं दिसलं, पण आता सेक्रेटरींना शंका आली. काकांनी एक शब्दही न बोलता टेन्शनर ढिला केला, पट्टा काढला आणि पुन्हा घातला. पुन्हा दोन फेरे. खुणा होत्या तिथेच आल्या.

"म्हणजे आधीही बरोबरच होतं," मी म्हणालो.

"बरोबर असणं वेगळं," काका म्हणाले, "आणि तपासलेलं असणं वेगळं."

झाकणं बसली, चौथ्या बोल्टला वॉशर लागला, पिवळे ठिपके पडले. इडलीपात्राच्या तिन्ही ताटल्या रिकाम्या झाल्या. एकही बोल्ट उरला नाही, आणि त्याचीच काकांना काळजी वाटत राहिली. त्यांनी वॉचमनला चादर झटकायला लावली. काही निघालं नाही. शेवटी किल्ली सेक्रेटरींकडे देण्यात आली, कारण आत कुठे बसायचं हे त्यांना आता पाठ होतं. इंजिनानं दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि सुरू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी हात जोडले, गाडीला की काकांना ते कळलं नाही.

काका मात्र खूश दिसेनात. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जुने मेकॅनिक असंच ऐकतात, बेअरिंगची कुरकुर त्या सळईतून थेट कानात येते. आम्ही सगळे थांबलो.

"येतोय," काका म्हणाले.

"कसला?"

"बारीक. आतून."

आम्हा कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. इंजिन शहाण्यासारखं चाललं होतं. सेक्रेटरी गाडीतून उतरले, त्यांनी काकांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"येतोय," ते म्हणाले, आणि बाह्या वर सारल्या.

गॅलरीतून काकूंनी वाकून पाहिलं. "जेवायला किती जण आहात?"